दिग्नानं देवाला पाण्यात ओढलं तो शुक्रवार

दिग्ना किहिहेसारखी बाई ला मान्साच्या किनाऱ्यावर दुसरी झाली नाही आणि व्हायची पण नाही. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल शेजारच्या गावात जाऊन राहावं. तिथली माणसं तशीही बुडायला आमच्याकडेच येतात.

ला मान्सा म्हणजे शांत. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं या समुद्रात घोटासुद्धा भिजवला नसणार. नदीच्या तोंडापासून जरा अलीकडे पाण्यात एक पट्टी आहे. दोन्ही बाजूंना लाटा धडाधड फुटतायत, फेस उडतोय, आणि मधे हे एवढं गुळगुळीत पाणी, थोडं मातकट, एकदम साळसूद. डोंगराकडनं आलेला माणूस ते बघतो आणि म्हणतो, वा, इथं लाटाच नाहीत, इथं उतरू. झालं. किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी तिथनंच परत आत जातं, आणि जाताना हाताला जो लागेल त्याला बरोबर घेऊन जातं. गावात त्या पट्टीला 'सासूबाई' म्हणतात. वरनं गोड, आतनं ओढ.

या सासूबाईच्या समोर, नेमकी तिच्या नाकासमोर, दिग्नाची टपरी. टपरीत नारळपाणी, तळलेल्या केळ्याचे गोळे, आणि बाहेर ट्रॅक्टरच्या टायरच्या काळ्या ट्यूबा, हवा भरून टम्म फुगवलेल्या. पाहुणे त्या भाड्यानं घेतात आणि त्यात बसून पाण्यावर डुलतात. दिग्नाच्या गळ्यात शिट्टी. अंगानं बाई भरलेली, म्हणजे चांगलीच भरलेली, आणि आवाज असा की मिठागराजवळचं गाढव तिला ओ देतं. बुडणाऱ्याला ती काठावरनं असं ओरडायची:

"ए हिरव्या चड्डीवाल्या! उताणा पड! नाक वर! हात मारू नको, सासूशी भांडायचं नसतं! आडवा सरक, आडवा! लाटांकडे!"

आणि हिरव्या चड्डीवाला खरोखर उताणा पडायचा. कारण त्या आवाजापुढं उभं राहायची पाण्यातसुद्धा कुणाची छाती नव्हती. सासूबाई त्याला थोडं आत न्यायची, मग तिचा जोर संपायचा, मग तो आडवा सरकून लाटांमध्ये यायचा आणि लाटा त्याला ढकलत ढकलत वाळूवर आणून टाकायच्या. नाहीच जमलं तर दिग्ना ट्यूब घेऊन स्वतः आत शिरायची.

ट्यूब घेऊन. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. रिकाम्या हातानं ती कधी, कधी म्हणजे कधीच पाण्यात गेली नाही. ती लहान असताना तिचा नेप्ताली मामा असाच एका भाच्याला काढायला झेपावला होता. किनाऱ्यावरचा सगळ्यात दांडगा पोहणारा. भाच्यानं घाबरून मामाच्या गळ्याला मिठी मारली, मामाच्या डोक्यावर चढला, आणि दोघंही गेले. दुसऱ्या दिवशी सापडले तेव्हा ती मिठी सोडवायला दोन माणसं लागली. दिग्नानं ते बघितलं होतं. तेव्हापासून ती म्हणायची, "रिकाम्या हातानं आत जाणारा म्हणजे दुसरं मढं." पोहायला तिला शिकवलं तिच्या थोरल्या भावानं, सिक्स्तोनं. हे इथं सांगायलाच हवं, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

एवढी माणसं काढली बाईनं, पण तिचा जीव अडकला होता भलत्याच ठिकाणी. तिला देवाला खांदा द्यायचा होता.

पवित्र आठवड्यात शुक्रवारी गावात मेलेल्या ख्रिस्ताची मिरवणूक निघते. महोगनीची जड पेटी, बाजूंना काचा, आत आडवा देव. खांदेकरी मंडळाची माणसं जांभळे झगे घालून, अनवाणी, खांद्यावर उशी बांधून ती पेटी वाळूवरनं नेतात आणि कण्हत कुथत चालतात. तो देव दिग्नाच्या बापानं, आब्दोननं, स्वतः कोरलेला. जुना देव वाळवीनं खाल्ला तेव्हा दुसरा कुणी सुतार गावात नव्हताच. हात खांद्यात हलणारे ठेवले, चामड्याचे सांधे लावून, म्हणजे सकाळी त्याला क्रुसावर ताणता येतो आणि दुपारी उतरवून हात छातीवर घेता येतात. उजवीकडची पुढची जागा आब्दोनची. तो मेल्यावर ती जागा घरात राहायला हवी होती की नाही? सिक्स्तोचा खांदा टूनाच्या जाळ्यानं उखडलेला, नाहीतर त्यानं एकट्यानं पेटी नेली असती. उरली दिग्ना.

मंडळाचा अध्यक्ष एराक्लिओ मेरो. होडीचा तांडेल, मिशा झाडूसारख्या, शब्द दगडासारखा. दिग्ना दरवर्षी त्याच्याकडे जायची.

"काका, बापाची जागा द्या मला."

"बाईनं देवाला खांदा द्यायचा? मग आम्ही काय करायचं, फानेस्का ढवळायची?"

फानेस्का म्हणजे त्या आठवड्यात घरोघरी होणारं कालवण. बारा कडधान्यं, भोपळा, दूध आणि खारवलेला मासा. एक वाटी खाल्ली की माणूस खुर्चीचा भाग होतो.

"ढवळा की. तुमच्याकडची तशीही दरवर्षी तळाला लागते."

"तुमच्यासाठी देवाची माउली आहे ना! बायकांनी माउलीची मूर्ती न्यायची."

"माउलीला माझ्या बापानं नाही कोरलेलं."

"दिग्ना, तुझा खांदा मोठा आहे हे सगळ्या गावाला दिसतं. दाखवायची गरज नाही."

अशी दरवर्षी बोळवण. पण त्या वर्षी पेड्रो पाचाय हा खांदेकरी कंबर धरून बसला, नेमकी ती उजवीकडची पुढची जागा रिकामी झाली, आणि एराक्लिओ मिशा ओढत म्हणाला, "या शुक्रवारी नीट वाग. तोंड बंद ठेव. मग पुढच्या वर्षीचं बघू." दिग्नाला तेवढं पुरेसं होतं. तिनं घरी जाऊन बापाची उशी काढली, उन्हात टाकली, नवं कापड शिवलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. त्या शुक्रवारी समुद्रात उतरायचं नाही. उतरला तो मासा होतो. पायाकडनं सुरुवात होते, आधी खवले येतात. हसू नका. कुणाला होताना बघितलंय का असं विचारलं तर कुणीच नाही बघितलं, कारण कुणी उतरतच नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी गाव 'समुद्र बंद' करतं. होड्या पार वर ओढतात, यंत्रं काढून ठेवतात, धोक्याचा लाल झेंडा उतरवतात, दिग्नाच्या ट्यूबांतली हवा सोडतात आणि दोर, बोयरे, ट्यूबा, सगळं मंडळाच्या खोलीत टाकून कुलूप लावतात. किल्ली सुतळीत ओवून अध्यक्षाच्या गळ्यात. शनिवारी घंटा वाजली की उघडायची.

त्या गुरुवारी दिग्ना खोलीच्या दारात ट्यूब धरून उभी राहिली.

"काका, एक ट्यूब बाहेर ठेवा. आणि झेंडा राहू द्या."

"कशाला? शुक्रवारी कोण उतरतंय?"

"आपण नाही उतरत. पाहुणे उतरतात. दोन बस भरून आलेत डोंगराकडनं. त्यांना कुठं माहितीये मासा होतो म्हणून?"

"मग होऊ देत. गावात मासळी वाढेल."

सगळे खो खो हसले. दिग्नाच्या जिभेच्या टोकावर असं काही आलं होतं की एराक्लिओच्या मिशा जळाल्या असत्या. पण तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं. तिनं ट्यूब आत टाकली. तिनं, जी रिकाम्या हातानं कधी पाण्यात गेली नाही, तिनं बापाच्या जागेपायी स्वतःच्या हातानं ट्यूब आत टाकली. कुलपाचा खटका वाजला तेव्हा तिनं एकदा सासूबाईकडं बघितलं.

शुक्रवारी जेवणं झाली आणि मिरवणूक वाळूवर आली. पाद्री तालुक्याच्या मोठ्या मिरवणुकीत, त्यामुळे आमच्याकडं सगळा कारभार एराक्लिओचा. झगा, मेणबत्ती, पोटात तीन वाट्या. पेटीमागं बायका, बायकांत दिग्ना, पांढऱ्या ब्लाउजात, तोंड घट्ट मिटून. इतका वेळ गप्प बसल्यानं तिच्या कानात दडे बसले होते.

पाण्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं तिनं. पण सवय ती सवय. डोळा गेलाच. आणि सासूबाईच्या बरोब्बर मधोमध एक डोकं.

क्लेबर नावाचा, डोंगराकडल्या आंबातो गावचा पोरगा होता तो, बूट विकणारा, आठवड्यापूर्वी लग्न झालेला. बायको वाळूवर टॉवेल घेऊन उभी, हात हलवत होती. तिला वाटत होतं नवरा आपल्याला हात करतोय. दिग्नानं बघितलं आणि तिला कळलं. जो हात करतो तो ओरडतो, हसतो. हा ओरडत नव्हता. तोंड पाण्याच्या बरोबरीला, डोकं मागं, हात बाजूंना शिडी चढल्यासारखे. खरा बुडणारा माणूस गुपचूप बुडतो, त्याला ओरडायला श्वासच नसतो.

"माणूस गेला!" दिग्नाचं तोंड उघडलं ते उघडलंच. "सासूत माणूस गेला! एराक्लिओ काका, किल्ली!"

पेटी थांबली. सगळे पाण्याकडं बघायला लागले. आणि एराक्लिओला काय झालं देव जाणे. काल तोच हसला होता ना, मासळी वाढेल म्हणून? ते त्याच्या कानात वाजलं असणार. मेणबत्ती फेकली आणि धावला.

"काका, किल्ली टाका आधी! रिकाम्या हातानं जाऊ नका! काका! अहो म्हाताऱ्या, किल्ली!"

पण तो झग्यासकट, तीन वाट्यांसकट, गळ्यातल्या किल्लीसकट पाण्यात. पोहणारा होता तो, खोटं कशाला बोला. क्लेबरपर्यंत गेलासुद्धा. आणि मग जे होतं ते झालं. क्लेबरनं त्याला बघितलं आणि मांजर झाडावर चढतं तसा त्याच्या डोक्यावर चढला. जांभळा झगा फुगून वर आला आणि खाली गेला.

वाळूवर सगळे खांदेकरी उभे. एकेक बाप्या असा की एकटा होडी ओढेल. कुणी पाय पुढं टाकेना.

"शुक्रवार आहे," पेटीच्या मागच्या टोकाचा विल्यम्स आंचुंदिया पुटपुटला.

"मला दिसतंय शुक्रवार आहे!" दिग्ना ओरडली. "काहीतरी तरंगणारं द्या! लाकूड द्या, पिंप द्या, तुझं डोकं दे, आत पोकळच आहे!"

सिक्स्तो एव्हाना खोलीकडं धावला होता, दगडानं कुलूप ठेचत होता. गावातलं सगळ्यात मजबूत कुलूप. ते बसवलं त्याच्याच हातानं होतं, म्हणूनच ते लवकर तुटत नव्हतं.

होड्या पार वर. यंत्रं नाहीत. वाळूवर एक फळी नाही, एक बाटली नाही. गावानं समुद्र असा चोख बंद केला होता की समुद्राशिवाय सगळं बंद होतं. दिग्ना गर्रकन फिरली आणि तिच्या समोर आली ती पेटी.

देव महोगनीचा आहे असं सगळं गाव समजत होतं. खांदेकरी एवढे कण्हायचे ते काय उगीच? पण कण्हत होते ते पेटीच्या वजनानं. देवाचं वजन काय हे कोरणाऱ्याच्या घरात माहीत होतं. आब्दोनकडं त्या वर्षी महोगनी संपली होती, म्हणून त्यानं देव कोरला बाल्साचा. तेच लाकूड, ज्याचे आमचे पूर्वज तराफे करायचे. पोरगी एका हातावर तोलेल असला हलका. वर रंगाचा जाड थर, आणि तोंडावर बोट. "दिग्ने, कुणाला बोलू नकोस. लोकांना देव जड लागतो."

दिग्नानं पेटीचं झाकण उचललं.

"अगं ए!" विल्यम्स ओरडला. "हात लावू नकोस! बाईनं हात लावायचा नाही!"

"मग तू लाव आणि तू जा!"

विल्यम्स मागं सरकला. दिग्नानं क्रुसाची खूण केली, देवाला म्हणाली, "बापाची शपथ, नंतर पुसून ठेवीन," आणि त्याला काखेत मारून धावली. बायका किंचाळल्या. एक आजी बेशुद्ध पडली, एक डोळा उघडा ठेवून.

पाण्याच्या काठाशी ती क्षणभर थांबली. क्षणभरच. तिलाही मासा व्हायचं नव्हतं. ती तुमच्यासारखी शहाणी नव्हती, तिचा विश्वास होता. पायाकडं बघून ती पुटपुटली, "करायचाच असेल मासा तर चांगला मोठा कर. सार्डिन नको." आणि शिरली.

तिनं सासूबाईचाच रस्ता धरला. बुडणाऱ्याला नेणारी ओढ वाचवणाऱ्यालाही नेते, फुकटात. देवाच्या छातीवर छाती टाकली आणि पाय मारले. बाल्सा बुचासारखा वर राहिला. बापाचं काम, काय बोलता!

दोघं अजून वरखाली होत होते. ती दोन हात अलीकडेच थांबली. जवळ गेली नाही. जवळ गेलं की मिठी, आणि मिठी म्हणजे नेप्ताली मामा. तिनं देवाला फिरवलं आणि पाय त्यांच्याकडं ढकलले.

"ए पोरा! पाय धर! त्याचे पाय धर, माझे नाही!"

क्लेबरला काय, त्यानं नारळाची साल पण धरली असती. त्यानं देवाचे पाय असे धरले की आंबातोच्या चर्चमध्ये तसे कधी धरले नसतील. धरल्याबरोबर एराक्लिओच्या डोक्यावरनं उतरला. एराक्लिओ वर आला, मिशांतनं पाणी गळतंय, डोळे लाल. त्यानं श्वास घेतला आणि त्या श्वासात पहिलं काय म्हणावं त्यानं?

"पापिणी! देवाला... पाण्यात..."

"शिव्या नंतर! धरा आधी!"

"झगा... जड... मी नाही हात..."

"काका, तुमच्या हाताचा मासळीचा वास त्याला माहितीये! त्याचे सगळे मित्र कोळी होते! धरा!"

"अशुद्ध... होईल..."

आणि म्हातारा परत खाली. असला हट्टी माणूस. बुडताना पण अध्यक्ष.

तेवढ्यात मागनं एक लाट आली. सगळं वर उचललं गेलं आणि देवाचा उजवा हात, तो चामड्याच्या सांध्याचा, छातीवरनं सुटला, हवेत गेला आणि फाडकन एराक्लिओच्या मानेमागं पडला. लाकडाची वाकडी बोटं त्याच्या गळ्यातल्या सुतळीत अडकली. किल्लीच्या सुतळीत. म्हातारा मांजराच्या पिल्लासारखा मानगुटीवर लोंबकळला, नाक पाण्याच्या वर. मग त्यानंही दोन्ही हातांनी देवाला कवटाळलं. शुद्ध अशुद्ध सगळं गेलं पाण्यात.

"हां! आता दोघं ऐका," दिग्ना म्हणाली. धाप लागली होती पण आवाज तोच. "किनाऱ्याकडं जायचं नाही."

"काय?" क्लेबर रडायला लागला. "मला किनाऱ्यावर जायचंय! माझी बायको..."

"बायको कुठं जात नाही. सरळ गेलास तर सासू परत ओढेल, थकशील, मरशील. आडवं जायचं. तो फेस दिसतो? त्या लाटांकडं. पाय मार. जोरात नाही, सावकाश. काका, तुम्ही नुसते लटका, तुम्हाला तेच छान जमतंय."

असे ते चौघं निघाले. तिघं माणसं आणि एक देव, खेकड्यासारखे आडवे. ओढ हळूहळू सुटली. मग पहिली लाट पाठीवर बसली, दुसरी बसली, आणि तिसरीनं सगळ्यांना गुंडाळून उथळ पाण्यात फेकलं. तिथं सिक्स्तो कमरेएवढ्या पाण्यात उभा, शुक्रवार असून, हातात ट्रॅक्टरची रिकामी ट्यूब, तोंडानं फुगवतोय, गाल लालबुंद. अर्धी फुगवली होती त्यानं. करून बघा एकदा.

वाळूवर जो गलका उठला तो विचारू नका.

"चमत्कार! देवानं मिठी मारली! मी बघितलं, हात उचलला त्यानं!"

"मानेत हात घातला! अध्यक्षाच्या मानेत!"

"स्वतः पाण्यात उतरला देव!"

जी आजी बेशुद्ध पडली होती तीच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. दिग्ना गुडघ्यांवर बसून खोकत होती आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे एकाचं होतं. विल्यम्सचं. तो देवाकडं बघत होता. गुडघ्यावरचा रंग निघून पांढरं लाकूड दिसत होतं, काट्यांचा मुकुट समुद्रानं नेला होता, बोटं तुटली होती.

"हिनं काय केलं बघा!" तो म्हणाला. "देवाची होडी केली!"

"थोबाड नंतर चालव," दिग्ना म्हणाली. "गाडी आण. दोघांना दवाखान्यात न्यायचंय."

"मी ठीक आहे," एराक्लिओ म्हणाला, आणि त्यानं फानेस्का आणि अर्धा प्रशांत महासागर वाळूवर ओकला.

"ठीक आहात ते दिसतंय. कुशीवर झोपा. छातीत पाणी गेलेला माणूस उठून चालतो, जेवतो आणि मग तासाभरानं निळा पडतो. डॉक्टर ऐकेल छातीला नळी लावून, मग ठीक म्हणा. ए पोरी, तुझ्या नवऱ्याला ओल्या कपड्यांतनं काढ, टॉवेलात गुंडाळ. लाजू नको, लग्न झालंय."

गाडी दोघांना घेऊन गेली आणि मंडळ बसलं देवाभोवती गोल करून. दिग्ना थोडी बाजूला, ओल्या ब्लाउजात, देवाच्या केसांतनं शेवाळ काढत. पुसून ठेवीन म्हणाली होती ना.

मंडळात दोन तट पडले. एक म्हणे हा विटाळ, दिग्नाला मिरवणुकीत पाय ठेवू देऊ नका. दुसरा म्हणे हा चमत्कार, देवानं स्वतः माणसं काढली, दिग्नाचा काय संबंध, ती नुसती भिजली. गंमत बघा. विटाळ म्हणा, दिग्ना बाहेर. चमत्कार म्हणा, तरीही दिग्ना बाहेर. कुठल्याही दारानं जा, बाईला जागा नाही. सिक्स्तो दोनदा उठला मारामारीला, दोनदा तिनंच त्याला बसवलं. "गप रे दादा. तुझा खांदा परत निखळेल." पण तिचा आवाज बारीक झाला होता. असला आवाज तिच्या घशात आहे हे सिक्स्तोला माहीतच नव्हतं. तिनं बापाची उशी पिशवीतनं काढली, बघितली आणि परत आत कोंबली.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी परत आली. एराक्लिओ उतरला, दवाखान्याची चादर गुंडाळून, मिशा पहिल्यांदाच खाली लोंबणाऱ्या. डॉक्टर थांब म्हणत होता, पण छाती साफ आहे म्हटल्यावर तो कुठला थांबतोय.

"अध्यक्ष आले!" विल्यम्स धावला. "काका, ठरलंय. चमत्कार. दगडावर कोरून लावायचं, देवानं तुम्हाला मिठी मारली म्हणून. सगळ्यांनी बघितलं."

एराक्लिओनं देवाकडं बघितलं. मग स्वतःच्या मानेला हात लावला. सुतळीचा लाल वळ उठला होता.

"मिठी मारली," तो म्हणाला. "खरंय. त्याचं आणि माझं काय ते मी बघून घेईन. पण एक सांग विल्यम्स. मिठी मारायला हात लागतात. लाटेपर्यंत पाय कोण मारत होतं?"

विल्यम्स देवाच्या पायांकडं बघायला लागला.

"देवाचे पाय त्या पोराच्या बगलेत होते. माझे झग्यात. पोरगा रडत होता. मग पाय कुणाचे?"

आजीनं परत डोळे मिटले.

"आणि काल झेंडा काढला कुणी? ट्यूब आत टाकायला कुणी लावली? मासळी वाढेल म्हणून हसलं कोण?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. त्यानं गळ्यातनं सुतळी काढली, किल्ली दिग्नापुढं धरली. "घे. पुढल्या वर्षापासून ही तुझ्याकडं. समुद्र बंद करायचा की नाही ते तू सांगायचं."

दिग्नानं किल्ली उलटी सुलटी बघितली.

"कुलूप तुटलंय, काका. सिक्स्तोनं ठेचलं."

"मग ठेव आठवण म्हणून. उशी आणलीस का बापाची?"

एवढ्या लोकांसमोर दिग्नाला रडायचं नव्हतं. तिनं पिशवी पुढं केली.

"उजवी बाजू. पुढची," एराक्लिओ म्हणाला. "या वर्षी. आत्ता. आणि पाऊल डावं आधी. तुझा बाप नेहमी चुकायचा."

"माझा बाप नाही चुकायचा. तुम्ही चुकायचात."

"आता तोंड बंद ठेव म्हटलं तर ठेवशील?"

"नाही."

"वाटलंच मला."

देवाला पुसून पेटीत ठेवलं, मोडका हात छातीवर घेतला. विल्यम्स जाऊन लाल झेंडा लावून आला, न सांगता. सिक्स्तोनं ती ट्यूब पुरती फुगवली, या वेळी पंपानं, आणि पेटीच्या मागच्या दांड्याला बांधली. कुणी हसलं नाही. पाण्याच्या काठाला उभे असलेले पाहुणे आपण होऊन चार पावलं मागं सरकले.

दिग्नानं उशी खांद्यावर बांधली. वाकायच्या आधी तिनं एक पाय उचलला, तळवा वळवून नीट बघितला. मग दुसरा. खवले नव्हते. वाळू होती. तिनं ती झटकली आणि पेटीखाली शिरली.